सूट कसली? आधी मूळ किंमत सिद्ध करा!



गेल्या दिवाळीला निघालेल्या आपल्या या पत्रिकेच्या अंकात एकंदर अकरा जाहिराती होत्या. आम्ही मोजल्या. बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षे गेली की माणसाला मोजण्याची खोड लागते, तिला इलाज नाही. अकरांपैकी सात जाहिरातींत 'सूट' हा शब्द होता, आणि त्या सातांपैकी एकीतही ही सूट नेमकी कोणत्या किमतीवर आहे हे लिहिलेले नव्हते. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर 'इंदूरच्या मराठी समाजाची सचोटी' या विषयावर अग्रलेख होता. पान उलटले की त्या सचोटीच्या पाठीमागे 'फ्लॅट ५० टक्के + २० टक्के' हा मजकूर. कागद पातळ असल्यामुळे एकातून दुसरे स्वच्छ दिसत होते.

हा लेख त्या सात जाहिरातींविषयी आहे. त्या छापणाऱ्या, वाचणाऱ्या आणि पिशवी घेऊन धावणाऱ्या आपणा सर्वांविषयीही आहे. कोणाला राग आला तर आमची हरकत नाही. रागावलेल्या माणसाने निदान शेवटपर्यंत वाचावे एवढीच विनंती.

वीस रुपयांचा लाभ

प्रथम घरचा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतणीचे लग्न ठरले. श्रावणात आम्ही आणि आमच्या वहिनी राजवाड्याच्या बाजूला एका दुकानात साड्या पाहायला गेलो. दुकानाचे नाव छापत नाही. एकाचे नाव छापले तर बाकीचे सज्जन ठरतील, आणि तसे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. तिथे मोरपंखी रंगाची एक रेशमी साडी वहिनींना आवडली. किंमत सांगितली ४,२०० रुपये. 'पुन्हा येऊ' म्हणून आम्ही निघालो आणि सवयीप्रमाणे खिशातल्या डायरीत तारीख व आकडा टिपून ठेवला.

नवरात्रात त्याच दुकानावर 'महासेल' लागला. तीच साडी त्याच फळीवर होती. तीच म्हणजे अगदी तीच, कारण पदराच्या टोकाशी एक धागा सुटलेला होता आणि तो वहिनींनी श्रावणातच हेरला होता. आता तिला नवी चिठ्ठी लटकत होती. मूळ किंमत ७,६०० रुपये, त्यावर लाल रेघ. सूट ४५ टक्के. आजची किंमत ४,१८० रुपये. वहिनी आनंदाने म्हणाल्या, "अहो भाऊजी, ३,४२० रुपये वाचले!"

वाचले होते वीस रुपये. आणि गाडी लावायला वीस रुपये मोजले होते, म्हणजे तोही हिशेब चुकता झाला.

आम्ही काउंटरवरच्या मुलाला डायरी दाखवली. तो चिडला नाही की ओशाळला नाही. हसून म्हणाला, "भाऊसाहेब, सेलला चिठ्ठी वेगळीच लागते." या एका वाक्यात सगळा धंदा आला. सेलमध्ये माल बदलत नाही, किंमतही फारशी बदलत नाही. बदलतो तो इतिहास. जी किंमत कधी कोणी दिली नाही, ती 'मूळ' म्हणून लिहायची आणि मग आपल्या देखत तिच्यावर रेघ मारायची.

छापील किंमत म्हणजे खरी किंमत नव्हे

यावर काही सभासद म्हणतील की कापडाचे सोडा, डबाबंद वस्तूंवर तर कायद्याने छापलेली किंमत असते, तिथे कसली फसवणूक? इथेच आपण भोळेपणा करतो.

पुडक्यांवर किंमत छापण्याची सक्ती १९७७ च्या नियमांनी आली, आणि 'सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत' हे शब्द १९९० पासून आले. आज हा विषय २००९ च्या वैध मापन कायद्याखाली व २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांखाली येतो. या नियमांचा उद्देश चांगला होता. खेड्यातल्या गिऱ्हाइकाकडून दुकानदाराने मनाला येईल ते दाम घेऊ नयेत, म्हणून वरची मर्यादा छापायची. त्या मर्यादेवर एक रुपया जरी जास्त घेतला तरी गुन्हा. पण ती मर्यादा किती उंचावर बांधायची, हे कारखानदाराने ठरवायचे. काही औषधे व वैद्यकीय साधने सोडली, तर छापील किंमत आणि उत्पादन खर्च यांचे प्रमाण काय असावे, याला कायद्याचे बंधन नाही.

त्यामुळे झाले काय, तर जे कुंपण गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी घातले, त्यालाच शिडी लावून व्यापार वर चढला. १,००० रुपयांना विकायची वस्तू, छापायचे २,५०० आणि बारा महिने 'साठ टक्के सूट'. कायदा कुठेही मोडला नाही असे वरवर दिसते.

हा संशय नव्हे. सरकारनेच हे मान्य केले आहे. हृदयाच्या धमनीत बसवायच्या स्टेंटच्या छापील किमती इतक्या फुगवलेल्या निघाल्या की फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाला त्यांच्यावर कमाल मर्यादा घालावी लागली. साध्या स्टेंटला ७,२६० रुपये व औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये. करोनाच्या दिवसांत ऑक्सिमीटर, थर्मामीटर, रक्तदाबाचे यंत्र यांच्या बाबतीतही तेच घडले, आणि जुलै २०२१ मध्ये त्यांच्यावरच्या नफ्याला सरकारने ७० टक्क्यांची मर्यादा घातली. जीव वाचवायच्या वस्तूंवर हे चालत असेल, तर मिक्सर आणि चपलांचे काय घेऊन बसलात?

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. छापील किंमत कमी करायची असेल तर कमी किमतीची चिठ्ठी चिकटवता येते, पण ती मूळ छापील किमतीवर झाकण घालणारी नसावी, असा सर्वसाधारण नियम आहे. चिठ्ठीखाली दुसरा आकडा दडलेला दिसला, तर नखाने हळूच खरवडून पाहा. खाली मोठा आकडा असेल तर निष्काळजीपणा समजा. खाली लहान आकडा असेल तर नापतौल खात्याकडे तक्रारीला जा.

टक्क्यांची जादू

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. व्याज, बट्टा, नफा-तोटा हे शाळेपासूनचे गणित. तरी 'पन्नास अधिक वीस' वाचून आमच्याही मनात क्षणभर सत्तर येतात. प्रत्यक्षात शंभराचे आधी पन्नास होतात, आणि वीस टक्के त्या पन्नासांवर, म्हणजे दहा. सूट साठ टक्के. 'दोन घ्या, एक मोफत' म्हणजे एक तृतीयांश सूट, तीही दोन घेण्याची गरज असेल तर. '७० टक्क्यांपर्यंत' या पाटीत ७० चा आकडा हातभर आणि 'पर्यंत' हा शब्द मुंगीएवढा. आत गेल्यावर सत्तर टक्क्यांत एक जांभळा शर्ट आणि दोन मफलर असतात.

काही दुकानदार 'फ्लॅट ४० टक्के' अशी पाटी लावून बिलात वर पुन्हा कर जोडत. छापील किंमत सर्व करांसह असते, मग सूट दिल्यावर कर वेगळा कसा? हा प्रश्न थेट राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये आयोगाने अशी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. रक्कम किरकोळ होती. पण कोणीतरी त्या किरकोळ रकमेसाठी दिल्लीपर्यंत चिकाटीने लढले, म्हणून तुम्हा-आम्हाला आज बोट ठेवायला निर्णय आहे.

गेल्या वर्षीचे उदाहरण तर ताजे आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे १२८ रुपयांचे ११८, जवळपास आठ टक्के कमी. ही कपात सरकारने केली होती, तिजोरीला खोट खाऊन. पण आमच्या पाहण्यातल्या काही पाट्यांवर तीच कपात दुकानाची 'दसरा भेट' म्हणून मिरवत होती! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

आता आमच्या स्वतःच्या खात्याकडे येऊ, नाहीतर म्हणाल की बँकवाला दुसऱ्याचेच काढतो. 'शून्य टक्के व्याजाचे हप्ते' या पाटीखाली बँका आणि वित्तसंस्थाही उभ्या असतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज कुठेतरी लपलेले असते. कुठे? उदाहरण घ्या. टीव्ही ४०,००० रुपयांचा, दहा हप्ते ४,००० चे, व्याज 'नाही'. शेजारचा गिऱ्हाईक रोख देतो, त्याला ३,००० रुपये सोडतात. म्हणजे टीव्हीची खरी किंमत ३७,०००. हप्तेवाल्याने जे तीन हजार जास्त मोजले ते व्याजच आहे. आम्ही हिशेब मांडून पाहिला, वर्षाला सतरा टक्क्यांच्या वर पडते. आमच्या काउंटरसमोर दर महिन्याच्या पाच तारखेला लोक उभे असतात, खात्यात शिल्लक नाही म्हणून हप्ता परत गेला, वर दंड लागला. चौकशी केली की कळते, वस्तू 'सेलमध्ये स्वस्त मिळाली' म्हणून घेतली होती. त्यांत आपल्या समाजाची ओळखीची माणसेही असतात. मान खाली घालून ती पासबुक पुढे करतात, आणि आम्हीही मान खाली घालूनच नोंद करतो.

'पण आमचे गेले काय?'

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. साडी आवडली, ४,१८० ला परवडली, मग मूळ किंमत खोटी लिहिली तर तुमचे काय गेले? प्रश्न रास्त आहे, उत्तरही सरळ देतो.

पहिले असे की सेल नसलेल्या दिवशी कोण जातो, याचा विचार करा. ज्याच्या घरी अचानक पाहुणे आले, ज्याला दुखवट्याचे आहेर न्यायचे आहेत, ज्या पेन्शनर आजोबांना घासाघीस जमत नाही, ते त्या फुगवलेल्या किमतीतच खरेदी करतात. तुमच्या-आमच्या सुटीसाठी उभारलेला खोटा आकडा त्यांच्याकडून खरोखरच वसूल होतो.

दुसरे, जो विणतो त्याचे. महेश्वरचे माग अहिल्याबाईंच्या काळी उभे राहिले, याचा अभिमान आपण दर वर्षी जयंतीला भाषणांतून व्यक्त करतो. हाताने विणलेल्या माहेश्वरी साडीला मजुरी लागते, सूत-रेशीम लागते, दिवस लागतात. तिच्या दामात साठ टक्के सोडण्याइतकी हवा नसतेच. मग 'माहेश्वरी, ६० टक्के सूट' या पाटीखाली जे विकले जाते, त्यात एक तर हातमाग नसतो किंवा मूळ किंमत खरी नसते. आणि शेजारी खऱ्या हातमागाचा माल रास्त दामात घेऊन बसलेला विणकर 'महाग' ठरतो. २००६ पासून हातमागाच्या मालाला हँडलूम मार्कची चिठ्ठी मिळते. ती शोधण्याऐवजी आपण लाल रेघ शोधतो.

तिसरे नुकसान आमच्या मते सर्वांत मोठे आहे. ते सांगण्यासाठी एका दुकानात जावे लागेल.

काकांचे दुकान

आमच्या जुन्या वस्तीत एक कापडाचे दुकान आहे. आपल्याच समाजातले, तिसऱ्या पिढीचे. मालकांना आम्ही काका म्हणतो, ते आमच्या वडिलांचे स्नेही. दारावर 'एक दाम' अशी हाताने रंगवलेली पाटी होती. आमच्या मुंजीचे सोवळे, बहिणीचा शालू, वडिलांचे शेवटचे धोतर, सगळे तिथलेच. तिथे कोणी किंमत विचारून दुसऱ्या दुकानात ताडून पाहायला जात नसे. गरजच पडत नव्हती.

गेल्या दसऱ्याला ती पाटी नव्हती. तिच्या जागी छापील फलक होता, '४० टक्के सूट'. आम्ही आत गेलो, म्हणालो, "काका, हे काय?"

काकांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांनी कधी विचारलं होतं का रे, किती सूट म्हणून? आता तुमच्याच मंडळाची माणसं उंबऱ्यात उभी राहून विचारतात, कार्डावर किती सोडता? मी म्हणतो, भाव आधीच रास्त आहे, सोडायला काही नाही. की चालले समोरच्या दुकानात. तीन वर्षं बघितलं. मग मीही चिठ्ठ्या बदलल्या. पहिल्या दिवशी लिहिताना हात थरथरला. आता नाही थरथरत."

सभासदहो, ती जाहिरात आपल्याच दिवाळी अंकात होती. सातांपैकी एक.

आपल्या सभासद-कार्डावर दुकानांत दहा टक्के सूट मिळवून दिली, असा ठराव सर्वसाधारण सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला तेव्हा आम्हीही हात वर केला होता. ते आज कबूल करतो. दुकानदाराने दहा टक्के द्यायचे म्हणून आधी पंधरा टक्के चढवायचे, हे गणित आम्हाला त्या दिवशी सुचले नाही असे नाही. आम्ही ते बोललो नाही. चाळीस वर्षे खरे दाम लावणाऱ्या माणसाला खोटे लिहायला कोणी लावले? समोरच्या मॉलने? नाही. आपण लावले. खरे बोलणाऱ्याला उपाशी ठेवले आणि मग बाजारात सचोटी उरली नाही म्हणून गळा काढला!

सगळीच सूट खोटी असते असे आमचे म्हणणे नाही. हंगाम संपल्यावर उरलेला माल, एखादा डागाळलेला नग, दुकान हलवताना केलेली विक्री, यांत दुकानदार खरोखर तोटा सोसतो. पूर्वी गांधी जयंतीला खादीवर जी सूट मिळे, तिचा भार सरकार अनुदानातून उचलत असे. खऱ्या सुटीत कोणीतरी काहीतरी सोडलेले असते. म्हणून एकच प्रश्न विचारायला शिका. ही सूट कोणाच्या खिशातून येते? उत्तर 'कोणाच्याच नाही' असे असेल, तर ती सूट नव्हे, नुसता आकडा आहे.

कायदा काय म्हणतो

कायदा गप्प नाही. अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या मक्तेदारीविरोधी कायद्यात १९८४ मध्ये आली, १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती घेतली आणि जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्यातही ती आहे. कलम २(४७) पाहा. एखादी वस्तू सामान्यतः ज्या किमतीला विकली गेली किंवा जाते, तिच्याविषयी लोकांची दिशाभूल करणे ही अनुचित प्रथा आहे. 'विकली गेली' हे शब्द महत्त्वाचे आहेत. चिठ्ठीवर छापली गेली, असे कायदा म्हणत नाही. खोडलेली किंमत ही भूतकाळाविषयीची साक्ष आहे, आणि साक्षीला पुरावा लागतो. त्याच कलमात बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणे हीही. तेव्हा 'सेलचा माल परत नाही' या पाटीला सदोष मालाच्या बाबतीत घाबरू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

आणि कार्यकारिणीने कान देऊन ऐकावे. जाहिरात प्रसिद्ध करणाराही या कायद्यातून अगदीच सुटलेला नाही. नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात छापणाऱ्याला सवलत आहे, त्यामुळे आपण कदाचित त्या फटीतून निसटू. पण समाजाच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने फटीतून निसटावे का?

मात्र आपल्या कायद्यात एक मोठी उणीव आहे. मूळ किंमत किती दिवस चालू असायला हवी, हे तो सांगत नाही. युरोपीय संघाने २८ मे २०२२ पासून नियम लागू केला की सूट जाहीर करताना आधीच्या तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवलीच पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की टक्केवारीही त्याच किमतीवरून काढायची, नुसती ती कोपऱ्यात छापून भागणार नाही. हा नियम इथे असता तर आमच्या साडीची सूट ४५ टक्के न छापता अर्धा टक्का छापावी लागली असती.

आमच्या मागण्या

नुसती टीका करून थांबणे आम्हाला मान्य नाही. येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही पुढील ठराव मांडणार आहोत.

एक. या पत्रिकेत सुटीची जाहिरात छापायची असेल, तर मूळ किंमत कोणती आणि त्या किमतीला माल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत विकला, हे जाहिरातदाराने लेखी द्यावे. न दिल्यास जाहिरात नाकारावी. उत्पन्न बुडेल असे म्हणणाऱ्यांसाठी आम्ही कोषाध्यक्षांकडे बसून हिशेब केला. वर्गणीत दर सभासदामागे वर्षाला ५० रुपये वाढवले की त्या सात जाहिरातींची भरपाई होते. पन्नास रुपयांत सचोटी परत मिळत असेल तर या शहरातली ती सर्वांत खरी सूट ठरेल.

दोन. सभासद-कार्डावरील दहा टक्क्यांची योजना रद्द करावी. तिच्या जागी जे दुकानदार पक्के बिल, एक दाम आणि सदोष माल परत घेण्याची हमी देतील, त्यांची यादी प्रत्येक अंकात विनामूल्य छापावी.

तीन. गणेशोत्सवाच्या महिनाभर आधी आपल्या युवक शाखेने वीस नेहमीच्या वस्तूंचे दुकानांतले भाव वहीत टिपावेत आणि दसऱ्याच्या सेलमध्ये पुन्हा टिपावेत. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. टीकेची गरज पडणार नाही, आकडेच बोलतील.

चार. निवडणुका आल्या की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या सभागृहात येतात, अहिल्याबाईंच्या तसबिरीला हार घालतात, थोडे मराठी बोलतात आणि आपण तेवढ्यावर खूश होतो. या खेपेला त्यांच्या हातात एक निवेदन द्यावे. तीस दिवसांचा नियम कायद्यात आणणार का? ग्राहक आयोगांतली रिक्त पदे वेळेवर भरणार का? या रिक्त पदांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली होती, हे त्यांना आठवून द्यावे. उत्तरे पत्रिकेत जशीच्या तशी छापावीत.

काही जण म्हणतील, मराठी शाळा, मराठी ग्रंथालय, मराठीचा मान असे मोठे प्रश्न असताना साडीच्या चिठ्ठीवर ठराव कसले करता? त्यांना आमचे सांगणे असे की ग्राहक चळवळ हा मराठी माणसाचाच वारसा आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि सामान्य कुटुंबांनी गटाने एकत्र येऊन महिन्याचे सामान रास्त दामात घेण्याची घडी बसवली. देशाचा कायदा त्यानंतर अकरा-बारा वर्षांनी आला. वारसा सांगायचा तर हाही सांगा, आणि सांगण्यापेक्षा चालवा.

ठराव मंजूर होवो वा न होवो, एक गोष्ट आजपासून कोणाच्याही परवानगीशिवाय करता येईल. खिशात एक लहान डायरी ठेवा. काकांच्या दुकानात जा, आणि 'किती सूट?' असे विचारू नका. "काका, खरा भाव काय?" एवढेच विचारा, आणि जो सांगतील तो देऊन या. 'एक दाम'ची ती जुनी पाटी त्यांनी फेकलेली नाही. माळ्यावर ठेवली आहे, आम्ही पाहून आलो आहोत.